फेकून दिलेला पापुद्रा

हा एपिसोड तुम्ही बहुतेक मान खाली घालून, एका खांद्यावर सॅक अडकवून, लोकलच्या दारात उभं राहून किंवा ऑफिसच्या खुर्चीत अर्धवट घसरून ऐकताय. खुशाल घसरा. सरळ बसा म्हणायला मी काही तुमची आई नाही. पण त्या घसरलेल्या पाठीत जे काही ताणलं जातंय, त्याचाच इतिहास आज सांगणार आहे.

फॅशिया. हा शब्द तुमच्या फीडवर नक्की येऊन गेलाय. कोणीतरी फोम रोलरवर मांडी घासतंय आणि खाली लिहिलंय, 'तुमचं दुखणं स्नायूत नाही, फॅशियात आहे.' पुढच्या रीलमध्ये कोणी सांगतंय की लहानपणीचे धक्के फॅशियात साठून राहतात आणि सहा सेशनचं पॅकेज घेतलं की मोकळे होतात. हे ऐकून एक साधा प्रश्न पडतो. इतकी महत्त्वाची गोष्ट असेल तर शाळेच्या पुस्तकात का नव्हती? हाडं होती, स्नायू होते, हृदयाचे चार कप्पे होते. हे कुठून उगवलं?

उगवलं नाही. होतंच. फक्त जवळजवळ पाचशे वर्षं आपण ते सोलून बाजूला टाकत होतो.

आधी ते काय आहे ते बघू. मटणाच्या दुकानात खाटीक मांडीचा तुकडा साफ करतो तेव्हा सुरीच्या टोकाने एक पांढरट, चमकदार, चिवट पापुद्रा ओढून काढतो. तो फॅशिया. पुस्तकी मराठीत प्रावरणी. लॅटिनमध्ये फॅशिया म्हणजे पट्टी, बँडेज. हा पापुद्रा स्नायूभोवती असतो, स्नायूच्या आतल्या जुड्यांभोवती असतो, नसांभोवती असतो आणि कातडीखालीही असतो. कुठे ओल्या टिश्यू पेपरसारखा, तर कुठे सीटबेल्टसारखा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि तळपायात तो सीटबेल्टवाला प्रकार आहे.

आता चला इटलीत, पादुआ शहरात. १५३७ साली आंद्रेआस वेसालियस नावाचा बावीस वर्षांचा पोरगा तिथल्या विद्यापीठात शस्त्रक्रिया आणि शरीररचना शिकवायला लागला. त्याआधी बाराएकशे वर्षांहून जास्त काळ युरोप गॅलेन या ग्रीक वैद्याचं वाचून चालत होता, आणि गॅलेनने बरंचसं माकडं आणि इतर प्राणी कापून लिहिलं होतं. वेसालियस स्वतः सुरी हातात घेऊन माणसाचं प्रेत कापायचा. १५४३ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ बाझेलला छापून आला. वय अठ्ठावीस. आपण त्या वयात अप्रेझलची वाट बघत असतो.

त्या ग्रंथातली स्नायूंची चित्रं बघितली नसतील तर सर्च करून बघा. सोललेली माणसं टेकड्यांच्या पार्श्वभूमीवर दिमाखात उभी आहेत. चौदा चित्रांची मालिका आहे आणि प्रत्येक पुढच्या चित्रात एकेक थर उतरत जातो. प्रत्येक स्नायूची कड स्वच्छ, जणू टेलरने कापून शिवलेली. आणि गोची तिथेच आहे. शरीर उघडल्यावर ते तसं दिसतच नाही. स्नायू एकमेकांना चिकटलेले असतात, मधे कापसासारखं, जाळीसारखं, ओलसर काहीतरी भरलेलं असतं. स्वच्छ कड दिसावी म्हणून ते खरवडून काढावं लागतं. वेसालियसला हे पापुद्रे माहीत नव्हते असं नाही, त्याने त्यांच्याबद्दल लिहिलंय. पण चित्रात काय उरलं? स्नायू. आणि जगाने लक्षात ठेवलं ते चित्र.

यात त्याची लबाडी नव्हती. तेव्हा फ्रिज नव्हते. प्रेत थंडीच्या दिवसात फाडायचं, पोट आधी उघडायचं कारण ते सगळ्यात आधी सडतं, आणि वास असह्य होण्याआधी उरकायचं. अशा घाईत तुम्ही स्नायू शोधाल की त्यांच्यामधला चिकटा? आमच्या धंद्यात याला डेटा क्लीनिंग म्हणतात. नको असलेल्या ओळी उडवायच्या आणि मग मॉडेल चालवायचं. काम भारी होतं. फक्त उडवलेल्या ओळींत काय होतं, हे नंतर कोणी विचारत नाही.

इथे एक फाटा फोडतो, कारण कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच: सुश्रुताचं काय? तर सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत तपासायची एक पद्धत दिली आहे आणि ती खरंच वेगळी आहे. प्रेत गवतात गुंडाळायचं, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात आडोशाला बुडवायचं, सात रात्रींनी बाहेर काढायचं आणि वाळा, केस, बांबू वगैरेंच्या कुंच्यांनी हळूहळू घासत एकेक थर बघत जायचं. सुरी नाही, ब्रश! सुरी दोन गोष्टी वेगळ्या करते. ब्रश थर उलगडतो. त्याच ग्रंथात शरीरातल्या सात 'कला', म्हणजे पडद्यासारखे थर सांगितलेत. पहिली मांसधरा कला. तिच्यात शिरा-स्नायू कसे पसरतात, तर चिखलपाण्यात कमळाची मुळं-देठं पसरावीत तसे. उपमा अप्रतिम आहे. पण म्हणून 'आपल्याकडे फॅशिया आधीच शोधला होता' असा फॉरवर्ड करू नका. सातव्या कलेपर्यंत जाल तर त्या यादीचा हिशेब वेगळाच आहे, आजच्या एका शब्दावर तिला बसवता येत नाही. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की हत्यार बदललं की दिसणारं शरीर बदलतं.

परत युरोपात. १८०० च्या आसपास पॅरिसमध्ये झाव्हिए बिशा हा डॉक्टर होता. एका हिवाळ्यात त्याने सहाशे प्रेतं तपासली असं सांगतात. मायक्रोस्कोपवर त्याचा विश्वास नव्हता. तो ऊती उकळून, वाळवून, सडवून, आम्लात टाकून बघायचा, आणि त्यातून त्याने एकवीस प्रकारच्या ऊतींची यादी केली. अवयवांपेक्षा ऊती महत्त्वाच्या, हा त्याचा मुद्दा. तंतुमय पडदे, कंडरा, अस्थिबंध, हाडावरचं आवरण हे सगळं त्याने एकाच संस्थेत घातलं. म्हणजे हे सुटे पापुद्रे नाहीत, एक व्यवस्था आहे, असं कोणीतरी पहिल्यांदा नीट म्हणत होतं. १८०२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो गेला.

त्यानंतर फॅशियाकडे लक्ष गेलं ते फक्त तो त्रास द्यायला लागला की. १८३१ मध्ये पॅरिसच्याच ओतेल-दिएउ हॉस्पिटलात गियोम द्युप्युत्रँ याने एका माणसाच्या तळहातावर शस्त्रक्रिया केली. बोटं आत वळून बसली होती, उघडत नव्हती. दोष बोटांच्या कंडरांचा नव्हता, तळहाताचा फॅशिया आकसला होता. खरं तर लंडनच्या हेन्री क्लाइनने १७७७ मध्येच हात फाडून हे बघितलं होतं, पण आजाराला नाव लागलं द्युप्युत्रँचं. मग १८८१ मध्ये जर्मनीत फोल्कमान याने लिहिलं की हाताला फार घट्ट पट्टी बांधली तर स्नायूंचं रक्त तुटतं आणि हात कायमचा वाकडा होतो. याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे आजचा कंपार्टमेंट सिंड्रोम. मार लागून स्नायू सुजतो, पण भोवतीचा फॅशिया इंचभरही सैल होत नाही, आतला दाब वाढत जातो, आणि काही तासांत तो फॅशिया उभा चिरला नाही तर पाय हातचा जातो. सर्जन लोकांना हा पापुद्रा किती चिवट आहे हे तेव्हापासून पक्कं माहीत आहे. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधे १८५८ आहे, आणि त्यात आपल्या घरचा एक धागा. ग्रेज अॅनाटॉमी हे नाव तुम्ही निदान सिरियलमुळे तरी ऐकलं असेल. पुस्तक लिहिलं हेन्री ग्रेने, पण त्यातली ३६३ चित्रं काढली हेन्री व्हँडाइक कार्टरने. मोबदला दीडशे पौंड, रॉयल्टी शून्य. पुस्तक छापून येत होतं त्याच वर्षी कार्टर मुंबईला निघून आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शरीररचना शिकवली, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून बरीच वर्षं काढली, इथल्या कुष्ठरोगावर आणि तळपायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर काम केलं. ग्रे १८६१ मध्येच देवीच्या रोगाने गेला. त्या पुस्तकात स्नायूंच्या प्रकरणाचं नावच 'स्नायू आणि फॅशिया' असं आहे. मजकुरात फॅशियाची वर्णनं आहेत, कुठे चीर द्यायची, काय उलटून टाकायचं, सगळं आहे. पण कार्टरच्या देखण्या चित्रांत मुख्यतः उरतात ते स्वच्छ स्नायू, अंगावरच नावं लिहिलेले. पिढ्यान् पिढ्या मेडिकलची पोरं फॅशिया शिकली ती 'आधी हा काढा' या सूचनेतून.

मग ज्यांनी तो काढला नाही, ते कोण? इथून गोष्ट अमेरिकेत जाते आणि जरा भरकटते.

अँड्र्यू टेलर स्टिल हा मिसुरीकडचा डॉक्टर. १८६४ मध्ये मेनिंजायटिसने त्याची तीन मुलं गेली, आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. त्या काळची औषधं म्हणजे पारा वगैरे, त्यामुळे राग अगदीच चुकीचा नव्हता. त्याने हाताने उपचार करायची ऑस्टिओपॅथी काढली, १८९२ मध्ये कर्क्सव्हिलला कॉलेज सुरू केलं, आणि १८९९ च्या पुस्तकात फॅशियावर अख्खं प्रकरण लिहिलं. रोगाचं मूळ तिथे शोधा, असा त्याचा सूर. पुरावा? त्याचे हात आणि त्याची श्रद्धा.

पण पोश्चर आणि फॅशिया यांची गाठ खऱ्या अर्थाने मारली ती आयडा रोल्फने. १८९६ चा जन्म, न्यूयॉर्क. १९२० मध्ये कोलंबियातून बायोकेमिस्ट्रीत पीएचडी, त्या काळात एका बाईने. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन. पुढे योग, ऑस्टिओपॅथी असं बरंच काही चाळत तिने स्वतःचा सिद्धांत मांडला: माणूस उभा राहतो तो गुरुत्वाकर्षणाशी सतत तडजोड करत. शरीराचे ठोकळे एकावर एक नीट बसले नाहीत की फॅशिया त्या वाकड्या स्थितीतच आखडतो. पण तो लवचिक आहे, दाबून, घासून परत घडवता येतो, आणि मग माणूस सरळ होतो. दहा सेशनचा क्रम. एसालेन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या आश्रमवजा ठिकाणी १९६० च्या दशकात हे इतकं गाजलं की लोक तिच्या आडनावावरून त्याला रोल्फिंग म्हणायला लागले. ते दुखायचं, आणि लोक रडायचेही. रडण्याचा अर्थ लावणारे तिथे भरपूर होते. तुमच्या रीलमधलं 'साठलेले धक्के' ज्या गल्लीतून आलंय, ती गल्ली ही.

मला रोल्फबद्दल आदर आहे, हे आधी सांगतो. अख्खं मेडिकल जग ज्याला पॅकिंग मटेरियल समजत होतं त्याकडे ती आयुष्यभर बघत राहिली. पण बघणं आणि मोजणं यात फरक आहे, आणि ती ज्या काळात होती तेव्हा मोजणारी माणसं दुसऱ्याच खोलीत बसली होती.

त्या खोलीत काय चाललं होतं ते जास्त मजेशीर आहे. १९५४. जॉन हिक्स नावाच्या ब्रिटिश संशोधकाने तळपायाच्या फॅशियावर एक पेपर लिहिला. प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. अनवाणी उभे राहा, आणि हाताने पायाचा अंगठा वर उचला. पायाची कमान आपोआप वर येते. तुम्ही कुठलाच स्नायू आवळलेला नाही. टाचेपासून बोटांच्या मुळाशी जाणारी फॅशियाची जाड पट्टी अंगठ्याच्या सांध्याभोवती गुंडाळली जाते, विहिरीच्या रहाटाला दोर गुंडाळावा तशी, आणि टाच पुढे ओढली जाते. चालताना प्रत्येक पावलाला, टाच उचलली की, हा रहाट फिरतो आणि मऊ पाऊल एका क्षणात कडक तरफ बनतं. ना मेंदूचा हुकूम, ना बॅटरी.

मग १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या मॅकनील अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी, काही रुग्णांचे उपचारासाठी कापावे लागलेले पाय घेतले, मशीनमध्ये दाबले, सोडले, आणि किती ऊर्जा परत येते ते मोजलं. सत्तर किलोचा माणूस बऱ्यापैकी वेगाने धावतोय असं धरा. प्रत्येक पावलाला साधारण १०० ज्यूल ऊर्जेची उलाढाल होते. त्यातली सुमारे ३५ ज्यूल टाचेवरच्या कंडरेत साठून परत मिळते आणि सुमारे १७ ज्यूल पायाच्या कमानीत, म्हणजे तिथला फॅशिया आणि अस्थिबंध यांच्यात. निम्मं काम स्प्रिंग करतात! ज्याला वेष्टन म्हणून फेकलं ते सस्पेन्शन निघालं.

अॅमस्टरडॅममध्ये पीटर हाउजिंग यांनी उंदरांच्या पायावर आणखी एक विचित्र गोष्ट दाखवली. एकाच स्नायूच्या दोन टोकांना लागणारं बल मोजलं तर ते सारखं येत नव्हतं. मग उरलेलं गेलं कुठे? बाजूने, आजूबाजूच्या पापुद्र्यांतून शेजाऱ्याकडे. पुस्तकातलं चित्र, प्रत्येक स्नायू दोरीसारखा सुटा, इथे तडकलं. अर्थात नंतर मांजरांवरच्या प्रयोगांत नेहमीच्या हालचालीच्या टप्प्यात ही गळती फारच कमी दिसली, त्यामुळे वाद मिटलेला नाही. रील बनवणाऱ्यांना अर्थातच उंदीरवाला निकाल जास्त आवडतो.

ऑक्टोबर २००७ मध्ये दोन्ही खोल्यांमधलं दार उघडलं. बोस्टनला, हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये, पहिली आंतरराष्ट्रीय फॅशिया परिषद भरली. एका बाजूला पेशी आणि रेणू मोजणारे, दुसऱ्या बाजूला हाताने दाबणारे. आणि मग पुढच्याच वर्षी जो पेपर आला, तो माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात प्रामाणिक तुकडा आहे. काही इंजिनियर आणि संशोधकांनी फॅशियाचं त्रिमितीय गणिती मॉडेल बनवलं आणि विचारलं, हाताने दाबून मांडीचा किंवा तळपायाचा फॅशिया किती बदलतो? उत्तर आलं की एक टक्का दाबायला किंवा एक टक्का सरकवायलासुद्धा इतकं बल लागेल की ते माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं आहे. नाकावरच्या मऊ फॅशियाचं जमू शकेल, मांडीचं नाही. सर्जन लोकांना माहीत असलेला चिवटपणा हाच. आणि त्या पेपरच्या लेखकांमध्ये रॉबर्ट श्लाइप हे नाव आहे. हा माणूस स्वतः रोल्फिंगचा शिक्षक. ज्या विद्येवर त्याचं पोट होतं तिचं मुख्य स्पष्टीकरण खोडणाऱ्या पेपरवर त्याने सही केली. त्याआधी २००३ मध्येच त्याने लिहिलं होतं की उपचाराच्या टेबलावर काही सेकंदांत जे सैल होतं ते फॅशिया वितळल्याने नसणार. त्यातल्या मज्जातंतूंना स्पर्श कळतो, आणि मज्जासंस्था स्नायूंचा ताण सोडते, असं असावं.

म्हणजे रोलर घासल्यावर मोकळं वाटतं हे खरं, थोड्या वेळापुरती हालचालही वाढते. पण 'गाठी फुटतात' हे चित्र खोटं. हजारो रुपयांचं पॅकेज विकणारा जर 'तुमचा फॅशिया चिकटलाय, मी तो सोडवतो' म्हणत असेल तर त्याला हा एक टक्का विचारा.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका, कारण दुखण्याशी फॅशियाचा संबंध आहेच. २०११ मध्ये हेलेन लांजवँ आणि सहकाऱ्यांनी अल्ट्रासाउंड लावून १२१ माणसांच्या कमरेतले फॅशियाचे थर एकमेकांवर कसे सरकतात ते बघितलं. जुनं कंबरदुखीचं दुखणं असलेल्यांमध्ये हे सरकणं सुमारे २० टक्क्यांनी कमी होतं. कमी हललं म्हणून दुखलं की दुखलं म्हणून कमी हललं, हे त्यातून ठरत नाही. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी धाडसी स्वयंसेवकांच्या कमरेत खारं पाणी टोचलं, एकदा स्नायूत, एकदा फॅशियात. फॅशियातलं जास्त दुखलं आणि जास्त लांब पसरलं. ज्याला पॅकिंग म्हणत होतो त्याला दुखतं.

अजून एक, २०१८ चं. काही डॉक्टर पित्तनलिकेत जिवंतपणी बघता येणारा सूक्ष्मदर्शक घालून बघत होते, आणि त्यांना संयोजी ऊतीत द्रवाने भरलेली जाळी दिसली. पुस्तकात तिथे घट्ट भिंत होती. का? कारण स्लाइड बनवताना ऊतीतलं पाणी काढून घेतात, त्यामुळे जाळी चपटी व्हायची आणि तिच्या जागी बारीक भेगा दिसायच्या, ज्यांना सगळे कापताना झालेली चूक समजत होते. डीबगर लावला की गायब होणारा बग, दुसरं काय. वेसालियसच्या सुरीने जे केलं तेच पुढे स्लाइडने केलं.

आणि सध्या फॅशियाचं सगळ्यात बारीक विच्छेदन कुठे चालतं? पादुआत. कार्ला स्टेको या तिथे प्राध्यापक आहेत, मूळ ऑर्थोपेडिक सर्जन. २०१५ मध्ये त्यांनी फक्त फॅशियाचा अॅटलास काढला. त्यात स्नायू मागे राहतात आणि पापुद्रा पुढे येतो, कार्टरच्या चित्रांच्या बरोबर उलट. थरांमधल्या हायल्युरोनन नावाच्या वंगणावर त्यांचं काम आहे, आणि २०१८ मध्ये ते वंगण बनवणाऱ्या खास पेशींचंही वर्णन त्यांनी केलं. एक गोष्ट सांगायला हवी: त्यांचे वडील लुइजी फिजिओथेरपिस्ट, आणि फॅशियावर हाताने उपचार करायची त्यांची स्वतःची पद्धत आहे. त्यामुळे रचनेचं संशोधन एका डोळ्याने वाचा आणि उपचाराचे दावे दुसऱ्या, जरा बारीक केलेल्या डोळ्याने.

पादुआचं जुनं विच्छेदनगृह, १५९० च्या दशकात बांधलेलं, अजून उभं आहे. लाकडी, उंच, नरसाळ्यासारखं. मुलं उभी राहून खाली बघायची. इटलीला गेलात तर व्हेनिसहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास आहे.

पुढच्या भागात कार्टरची साताऱ्यातली वर्षं घेऊया, त्याच्या डायऱ्यांसकट. अंगठा उचलून बघितला का, ते कमेंटमध्ये सांगा.